सोनगीरला वाढलेला तारा

परत आल्यापासून शेजारीपाजारी विचारतात, "जळगाव-धुळ्याला काय पाहिलंत?" मी सांगते, "एक तारा दोन सेकंद दिसेनासा झाला, तो पाहायला गेले होते." मग ते विचारतात, "मग, दिसला का?" इथे माझी पंचाईत होते, कारण खरं उत्तर असं की सांगलीहून एवढ्या लांब जाऊन मी तो पाहिलाच नाही. दुसऱ्याच कुणीतरी पाहिला, आणि तिने काय पाहिलं ते कळायला मला एक दिवस लागला.

आधी माझ्याबद्दल थोडं. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं साहाय्यक होते. पोरांनी वायरी नीट गुंडाळल्या नाहीत की ओरडणारी बाई म्हणून माझी ख्याती. निवृत्तीनंतर आकाश पाहणाऱ्या हौशी लोकांच्या एका गटात शिरले, आणि तिथेही महिन्याभरात लोकांच्या वायरी गुंडाळायला लागले.

बुधवार, पिंप्राळा

जळगाव स्टेशनवर माझ्याकडची दुर्बिणीची लांबट पेटी पाहून रिक्षावाल्याने विचारलं, "काय आहे, ताई? तबला?" दुर्बीण म्हटल्यावर त्याने मान वळवून गाडी चालवायला सुरुवात केली. "तो दगड पडनार म्हणतात तो बघायला आल्या का? मोबाईलवर आलंय." दगड खरा आहे, पण पडणार नाही, चंद्राच्याही खूप पलीकडून जाणार आहे, असं मी सांगितलं. त्याची थोडी निराशा झाली. "मग एवढं लांबून कशाला आल्या?" त्याने विचारलं, आणि पिंप्राळा येईपर्यंत दर वळणावर पुन्हा विचारलं.

प्रज्ञा तिथे राहते. ती विज्ञानाची शिक्षिका, वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं भराभर, हसणं त्याहून भराभर. आमच्या गटात खान्देशातली ती एकटीच, आणि ही सगळी मोहीम तिने उभी केलेली. दारात तिच्या आईने "जय भीम, या" म्हणून हातातली पेटी घेतली, आणि पाणी पिऊन होण्याच्या आत पाटावर बसवलं. जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी होती. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. आमच्याकडे भाकरी पांढरीशुभ्र हवी असते, ही मातकट रंगाची, पण पहिल्या घासाला मी आमच्या भाकरीशी बेइमान झाले. आणि तिखट म्हणजे आमच्या कोल्हापूर-सांगलीकडचं, हा माझा अभिमान त्या हिरव्या मिरचीच्या भरताने दुसऱ्या घासाला उतरवला.

जेवताना मी म्हटलं, "तुझ्या आईला कळेल असं सांग, आपण काय करणार आहोत." खरं तर मलाच तिच्या तोंडून ऐकायचं होतं. प्रज्ञाने परात ओढली आणि उरलेल्या पिठात बोटाने एक गोल काढला. मधे कांदा ठेवला, तो सूर्य. गोल म्हणजे आपल्या पृथ्वीची वाट. मग तिने दुसरी, लांबट वाट काढली, एका बाजूने पृथ्वीच्या वाटेला जवळजवळ चिकटलेली आणि दुसऱ्या बाजूने मंगळाच्याही बाहेर गेलेली.

"हा याचा रस्ता," ती म्हणाली. "आपण वर्षात एक फेरा मारतो. याला पावणेदोन वर्षं लागतात. हा अलीकडच्या टोकाला येतो तेव्हा बहुतेक वेळा आपण कांद्याच्या पलीकडे असतो. दोघं एकाच वेळी एकाच बाजूला यायचं तर पुष्कळ वर्षं थांबावं लागतं. यंदा तसा योग आहे."

"आणि दिसायला कसा?" आईने विचारलं.

प्रज्ञाने टोपलीतून भरताचं एक वांगं उचललं. "असा. लांबुळका दगड. याची लांबी जळगावपासून एरंडोलपर्यंत, तीसेक किलोमीटर असावी, असा अंदाज. काही तासांत एक गिरकी घेतो." तिने वांगं दिव्यासमोर फिरवलं. कधी त्याची लांब सावली भिंतीवर पडली, कधी नुसती वाटोळी. "उद्या हा एका ताऱ्याच्या बरोबर समोरून जाणार. त्याला पिधान म्हणतात. ताऱ्याच्या उजेडात याची सावली आपल्या जिल्ह्यांवरून सरकत जाईल. सावलीत जो उभा असेल त्याला तारा दोन सेकंद दिसणार नाही. कुणाला किती वेळ दिसला नाही, ते जुळवलं की वांग्याचा आकार कळतो. आणि नेमका क्षण कळला की त्याची वाटही पक्की होते."

आई वांग्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे उद्या भरीत नाही करायचं का याचं?"

गुरुवार, आग्रा रोड

प्रज्ञाच्या जुन्या गाडीतून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला आलो. वाटेत केळीच्या बागा, घड निळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले. पारोळ्याच्या पुढे झाडी विरळ होते, आभाळ मोठं होतं, आणि वरून ऊन असं पडतं की थंडी अजून सरायची आहे हे कुणी त्याला सांगितलेलं नसावं. एरंडोल आलं तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "बघा मॅडम, वांगं संपलं." मी मागे वळून पाहिलं. एवढा मोठा दगड आभाळातून मुकाट्याने चालला आहे, हे मला तोवर कागदावर माहीत होतं. त्या रस्त्यावर ते पहिल्यांदा खरं वाटलं.

सावली पूर्व-पश्चिम सरकणार होती, म्हणून आम्हाला दक्षिणोत्तर रांग लावायची होती, आणि त्यासाठी धुळ्यावरून उत्तरेला जाणारा आग्रा रोड अगदी सोयीचा. धुळ्यात एक शिक्षक, देवभान्याला दुसरे, मधे सोनगीरला मी आणि वर नरडाण्याला प्रज्ञा. कॅमेरा दोनच ठिकाणी: नरडाण्याला आणि सोनगीरला. बाकीच्यांनी तारा नुसत्या डोळ्यांनी पाहायचा, तेवढा तो ठळक होता. फोनवर सेकंदासेकंदाला टिकटिक लावून द्यायची, तारा दिसेनासा झाला की "गेला" म्हणायचं, दिसला की "आला" म्हणायचं, आणि ते सगळं फोनमध्येच आवाजी टिपून घ्यायचं.

सोनगीर सगळ्यांत महत्त्वाचं होतं. सावलीचा मध्य तिथून जाण्याचा अंदाज होता. "मॅडम, मधलं ठिकाण तुमच्याच हातात," प्रज्ञा मला उतरवताना म्हणाली. तिने शाळेत मुलांना सांगून ठेवलं होतं, हेडमास्तरांना सांगून ठेवलं होतं. एरवी असली कामं पुण्या-मुंबईकडची माणसं करतात, या खेपेला आपल्या आग्रा रोडवरून होणार होतं. तिला काय लागून राहिलं आहे ते मला कळत होतं, म्हणून मी जरा जास्तच ठसक्यात म्हणाले, "काळजी करू नकोस. माझ्या वायरी कधी चुकत नाहीत."

गुरुवार, सोनगीर

किल्ल्याच्या पायथ्याशी तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांची आळी आहे. तिथल्या एका घराची गच्ची प्रज्ञाने ठरवली होती. घर नाना आणि अक्कांचं. नानांनी उभं आयुष्य मठारकाम केलं, म्हणजे घागरीवर हातोडीने ठोक्याला ठोका लावत नेणं. त्या आवाजाने त्यांचे कान गेले. त्यामुळे अक्का कुणाशीही बोलल्या तरी पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशा बोलतात.

"बठा बई, च्या ठेवस!" त्यांनी जाहीर केलं. मग नानांकडे हात करून मला सांगितलं, "तेस्ले आयकू येस नही." नाना प्रसन्न हसले. जिन्यात त्यांनी केलेली एक घागर होती. तिच्यावरचे ठोके मी बोटाने चाचपले. सगळे सारख्या अंतरावर.

चहा घेताना अक्कांनी विचारलं, "तो गोटा आमना घरवर पडनार शे का?" नाही म्हटल्यावर त्या रिक्षावाल्यासारख्या हिरमुसल्या नाहीत. "मंग येवाले काय हरकत नही," म्हणाल्या.

दिवस मावळला. अक्कांनी देवापुढे दिवा लावला, तुळशीपाशी लावला आणि गच्चीवर आल्या. मी दुर्बीण लावली, कॅमेरा जोडला, लॅपटॉपवर तारा बरोबर मधोमध आणला. अक्कांच्या प्रश्नांनी लक्ष विचलित होऊ नये म्हणून, खरं सांगते, नुसतं त्यांना गुंतवून ठेवायला, मी जास्तीचा फोन टिकटिक आणि टिपणं सुरू करून त्यांच्या हातात दिला. तारा दाखवला. "तारा दिसतोय तोवर 'आहे' म्हणत राहा. गेला की 'गेला' म्हणा. परत आला की 'आला'."

अक्कांनी मान हलवली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "शे. शे. शे. शे." अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'. शेजारी नाना खाटेवर आडवे होऊन आभाळाकडे बघत होते.

साडेसात वाजत आले. एक मिनिट उरलं. तेवढ्यात लॅपटॉपचा पडदा काळा झाला.

माझाच पाय. माझाच पाय वायरीत अडकून बोर्डातली पिन निसटली होती, आणि त्या लॅपटॉपची बॅटरी जुनी. मी गुडघ्यांवर बसून अंधारात बोर्ड चाचपडत होते. मागे अक्का चालूच होत्या, "शे. शे. शे. वाढना." मग जरा थांबून, "उना. शे. शे."

पिन बसली. पडदा उजळेपर्यंत वेळ टळून गेली होती. वर पाहिलं तर तारा आपल्या जागी, काही झालंच नाही असा. मी अक्कांना विचारलं, "तारा गेला होता का?"

अक्कांनी हाताने नको नको केलं. "वाढना व्हता, बई. मंग उना."

वाढला होता. म्हणजे जास्त ठळक दिसला. हवा हलली की तारे लुकलुकतात, तसंच काहीतरी. उना म्हणजे आला, म्हणजे पहिल्यासारखा झाला. नानांनी माझ्याकडे बघून मूठ मिटली, थांबले, आणि उघडली. मला वाटलं, विचारतायत, झालं का काम?

आता जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. गटाला पाठवायच्या निरीक्षणांच्या तक्त्यात 'कॅमेरा बंद पडला' असं लिहायला माझा हात धजेना. वायरी गुंडाळणारी बाई वायरीतच अडकली, हे गटाला कसं सांगायचं? अक्का तर एकटक बघत होत्या. तारा गेला असता तर गेला म्हणाल्या असत्या, अशी मी स्वतःची समजूत घातली. 'तारा झाकला गेला नाही, क्षणभर अधिक ठळक दिसला, निरीक्षण डोळ्यांनी' असं लिहिलं आणि निरीक्षकाच्या रकान्यात माझं नाव टाकून पाठवून दिलं.

शुक्रवार, धुळे

रात्री धुळ्याला प्रज्ञाच्या मावशीकडे मुक्काम होता. सकाळी प्रज्ञा फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आली ती जवळजवळ नाचतच. "मॅडम! धुळं सावलीबाहेर राहिलं, पण देवभान्याला तारा गेला. माझ्याकडे नरडाण्यालाही गेला. आणि मधे सोनगीरला गेला नाही! गटातले सगळे म्हणतायत, मधे फट आहे. ते एक वांगं नाही. दोन आहेत! एकमेकांभोवती फिरणारे दोन दगड!"

मावशीने शेवभाजी वाढली. तर्रीवर तेल तरंगत होतं आणि शेव त्यात मऊ पडत होती. असली भाजी एरवी मी दोनदा मागून घेतली असती. त्या दिवशी पहिल्या वाटीलाच पुरे म्हटलं. प्रज्ञाने हेडमास्तरांना फोन लावला होता. मुलांना सोमवारी दोन वांगी घेऊन दाखवायचं ठरत होतं. शंका अशी नव्हतीच मला, वाढला म्हणजे वाढला. पण मी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या न पाहण्यावर आता आभाळात एक जास्तीचा दगड उभा राहिला होता. निदान दगडाबद्दल तरी मी खोटी ठरू नये, एवढंच वाटत होतं. प्रज्ञाकडे बघवेना म्हणून बाजारात गेले. नवा बोर्ड घ्यायचा हे निमित्त, घरातून बाहेर पडणं हा हेतू.

विजेच्या सामानाचं एक छोटं दुकान. मालकांची दाढी पांढरी, टोपी पांढरी. त्यांनी तीन बोर्ड काढून दाखवले. मी हा नको तो नको करत होते. माझा स्वभावच तसा. शेवटी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि अदबीने म्हणाले, "ताई, जुम्मा आहे. दुकान वाढवतो आता. नमाजनंतर या, सगळे बोर्ड दाखवतो."

"हो, वाढवा ना," मी म्हटलं, आणि शटर अर्ध्यावर येईपर्यंत तशीच उभी राहिले.

दुकान वाढवणं. म्हणजे बंद करणं. नारळ वाढवणं, म्हणजे फोडणं. माझ्या आईची बांगडी पिचली की ती बांगडी वाढली म्हणायची, आणि मी फुटली म्हटलं की रागवायची. मी याच भाषेत जन्मले, वाढले, आणि दिवेलागणीला गच्चीवर उभी असलेली बाई "वाढला" म्हणाली तेव्हा मी त्याचा अर्थ ठळक झाला असा घेतला. लाज वाटली. त्याहून जास्त हसू आलं, आणि मग प्रज्ञाचा चेहरा आठवला आणि हसू गेलं.

क्षणभर मनात आलं, गप्प बसावं. कॅमेरा बंद होता हे कुणाला ठाऊक आहे? पण वांगं एकच आहे हे मला ठाऊक होतं.

मावशीच्या ओट्यावर बसवून प्रज्ञाला सगळं सांगितलं. पायाची गोष्ट, तक्त्याची गोष्ट, वाढण्याची गोष्ट.  हातातला फोन तिने ओट्यावर पालथा ठेवला. म्हणाली, "मॅडम, तुम्ही तरी मला सांगायचं होतं. तुम्ही तर आमच्यात मोठ्या." मी माफी मागितली, ती तिने मान हलवून घेतली, पण डोळे पुसले.

मग ती म्हणाली, "अक्कांचा आवाज टिपलेला आहे ना? लावा."

आम्ही तो लावला. खाली फोनची टिकटिक, वर अक्का. "शे. शे. शे." प्रज्ञा आधी ओठ मिटून ऐकत होती. मग तिने मांडीवर बोट आपटायला सुरुवात केली. "मॅडम, ताल बघा. एकही शे मागेपुढे नाही." उभा जन्म हातोडीच्या शेजारी काढलेली बाई. तिच्या दोन 'शे'मधलं अंतर नानांच्या घागरीवरच्या ठोक्यांसारखं. "वाढना" आणि "उना" टिकटिकीवर कुठे पडतात, ते आम्ही वीस वेळा ऐकून लिहिलं. शब्द तोंडातून निघायला लागणारा वेळ वजा केला. देवभान्यापेक्षा आणि नरडाण्यापेक्षा सोनगीरला तारा जास्त वेळ झाकलेला होता. फट नव्हती. वांग्याचं पोट होतं ते, नेमकं जिथे असायला हवं तिथे.

"आजीकडे सुटीत जायचे तेव्हा ऐकायचे मी ही भाषा," प्रज्ञा म्हणाली. मग तिने स्वतःच हेडमास्तरांना फोन लावला. "सर, एकच वांगं," एवढंच पहिलं वाक्य. पलीकडून काय आलं कोण जाणे, पण ती हसली.

शुक्रवारीच, परत सोनगीर

तक्ता दुरुस्त करायचा तर निरीक्षकाचं नाव बदलायला हवं होतं. त्यासाठी परत गेलो. अक्का ओसरीवर चिंचेने घागर घासत होत्या.

"काल तुम्ही 'गेला' का नाही म्हणालात?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या पोरांकडे बघायचे. "दिवा लायेल व्हता, बई. दिवा लायावर 'गया' कशी म्हनू?"

नानांना मी हाताने खूण केली, तुम्हीही पाहिलंत? त्यांनी पुन्हा मूठ मिटली, थांबले, उघडली. मग माझ्याकडे बोट करून खदखदून हसले. काल दोन माणसांनी मला एकच गोष्ट दोन भाषांत सांगितली होती.

नाव विचारलं तर अक्का लाजल्या. "मनं नाव कसाले? बठ्ठा अक्काच म्हनतस." बठ्ठा म्हणजे सगळे. प्रज्ञाने आग्रह केल्यावर म्हणाल्या, "सुंदराबाई." मी माझं नाव खोडलं आणि त्यांचं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'माझा पाय लागून कॅमेरा बंद पडला. वाढला म्हणजे झाकला गेला.' आडनाव लिहिताना अक्का वाकून बघत होत्या. कागदावर ते कसं दिसतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

"तो गोटा आते परत कवय?" त्यांनी विचारलं. परत कधी.

प्रज्ञाने अंगणातल्या धुळीत बोटाने ती लांबट वाट काढून दाखवली. फिरून इतका जवळ येईल तेव्हा प्रज्ञा म्हातारी असेल, मी आणि अक्का नसू.

अक्का त्या रेघेकडे बघत राहिल्या. रेघ फिरून निघाली तिथेच येत होती. "मंग तो बी येस म्हनीसन गया," त्या म्हणाल्या.

मी पर्स उचलली. "बरं अक्का, निघते मी."

"येस म्हन, बई."

ही बाई इंग्रजी काय बोलतेय, असं क्षणभर वाटलं. मग कळलं. 'येस' म्हणजे 'मी येते'. आमच्याकडेही निघताना येते म्हणतात. निदान आपलीच रीत मी एका दिवसात दुसऱ्यांदा विसरायला नको होती.

"येस, अक्का," मी म्हटलं.

गाडी वळताना मागे पाहिलं. नाना ओसरीवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून मूठ मिटली, आणि ते दिसेनासे होईपर्यंत ती उघडली नाही; ती उघडायची मी परत आल्यावर.